‘शाह’ ते ‘साल्ता’

‘शाह’ नावाची एक युद्धनौका होती. तिच्यावर तोफा होत्या, पण कोणाच्या छातीत धडकी भरावी अशा नव्हत्या. तिचा वेग ताशी अठरा सागरी मैलांच्या आसपास, चिलखत नावालाही नाही, आणि खाली पंखा एकच, म्हणजे तो निकामी झाला की समुद्रात नुसतं तरंगत राहायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या नौकांवर लिहिलेल्या जाडजूड ग्रंथांत तिचं नाव बहुधा शेवटच्या तक्त्यात सापडतं: कुठे बांधली, पाण्यात कधी सोडली, परत कधी दिली. एवढी एकच ओळ. त्या ओळीमागचं आयुष्य सांगण्यासाठी पुढची पानं लिहिली आहेत.

अशीच नौका का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. बिस्मार्क आहे, यामातो आहे, एंटरप्राइज आहे. बुडालेल्या आणि बुडवणाऱ्या महाकाय नौकांवर वाचकांच्या उड्या पडतात. मग ही कोण शाह? माझं उत्तर असं, की युद्ध म्हणजे काही मोजक्या दिवसांच्या लढाया नसतात. युद्ध म्हणजे वर्षानुवर्षं कुठून तरी कुठे तरी धान्य, तेल, दारूगोळा आणि माणसं पोचवत राहणं. ती पोचली तर लढाया लढता येतात. पोचवण्याचं हे काम ज्यांच्या भरवशावर चाललं, त्यांत शाहसारख्या छोट्या विमानवाहू नौकांचा वाटा फार मोठा होता आणि त्यांची आठवण फार थोडी राहिली. त्यांना ‘एस्कॉर्ट कॅरियर’ म्हणत. आपण ‘पाठराखीण विमानवाहू नौका’ म्हणू. जहाजांच्या काफिल्याची पाठराखण हाच तिचा जन्महेतू होता, तेव्हा हा शब्द मला योग्य वाटतो.

हेतू समजून घ्यायचा तर १९४१ पर्यंत मागे जावं लागतं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे निघालेली जहाजं एकामागून एक बुडवत होत्या. किनाऱ्यावरून उडणारी विमानं काही अंतरापर्यंतच साथ देत, आणि त्यापुढे महासागराच्या मध्यावर एक मोठा पट्टा उघडा पडे. त्या काळातली पाणबुडी ही मुळात पृष्ठभागावर चालणारी आणि गरजेपुरती बुडी मारणारी बोट होती. पाण्याखाली तिचा वेग मंदावायचा आणि बॅटऱ्या संपायच्या. डोक्यावर एखादं विमान नुसतं घिरट्या घालत असलं, तरी तिला खाली दबून बसावं लागे आणि काफिला पुढे निघून जाई. म्हणजे विमानाने काही बुडवलंच पाहिजे असं नव्हतं, ते तिथे असणंच पुरेसं होतं. पण तिथे असायचं तर धावपट्टीही सोबत हवी. ब्रिटिशांनी पकडलेल्या ‘हॅनोव्हर’ या जर्मन मालवाहू जहाजावर सपाट डेक बसवला आणि तिचं नाव ‘ऑडॅसिटी’ ठेवलं. सहा विमानं, तीही उघड्या डेकवरच उभी. काही महिनेच ती जगली. २१ डिसेंबर १९४१ ला जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं. पण तेवढ्यात तिने कल्पना खरी करून दाखवली होती.

मग अमेरिकेने हीच गोष्ट कारखान्यात शेकड्यांनी भांडी घडवावीत तशी घडवायला घेतली. सी-३ नावाच्या ठरीव मालवाहू जहाजाचा सांगाडा घ्यायचा, त्यावर विमानांचं दालन, त्यावर धावपट्टी, आणि उजव्या कडेला एवढंसं मनोऱ्यासारखं बांधकाम. लांबी साधारण पाचशे फूट. मोठ्या ताफ्यातल्या विमानवाहू नौका साडेसातशे फुटांच्या आणि ताशी तीस सागरी मैलांच्या होत्या, त्यांच्या पंगतीत ही बसत नव्हती. उधार-भाडेपट्ट्याच्या करारानुसार अशा अडतीस नौका अमेरिकेने ब्रिटनला दिल्या. अमेरिकन खलाशी या जातीच्या नौकांच्या सीव्हीई या आद्याक्षरांचा अर्थ सांगत: पेटणारी, दुबळी आणि गमावली तरी चालणारी. अशा नौकेवर झोपायला जाणाऱ्या माणसाच्या तोंडचे हे शब्द आहेत, हे लक्षात ठेवलं की त्यांतलं धैर्य जाणवतं.

शाह यांतलीच एक. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा इथे, सिअ‍ॅटल-टकोमा कंपनीच्या गोदीत तिची बांधणी झाली. अमेरिकन नौदलाने तिच्यासाठी ‘जमैका’ हे नाव ठरवलं होतं. २१ एप्रिल १९४३ ला ती पाण्यात उतरली आणि २७ सप्टेंबर १९४३ ला ब्रिटनच्या ताब्यात गेली. तिथे तिचं बारसं पुन्हा झालं. ब्रिटिशांनी या जातीला ‘रूलर’ म्हणजे ‘राज्यकर्ता’ वर्ग म्हटलं आणि नावं दिली ती अशी: अमीर, बेगम, नवाब, राजा, राणी, खेदिव, शाह. आपल्या कानांना ही यादी एखाद्या दरबाराच्या वर्णनासारखी लागते. ज्यांच्या संस्थानांना इंग्रजांनी एकेक करून मांडलिक केलं, त्यांचे किताब इंग्रजांच्या भाड्याच्या नौकांच्या नाळेवर चढले. उत्तरेकडच्या थंड पाण्यात ‘नवाब’ला २२ ऑगस्ट १९४४ ला नॉर्वेजवळ टॉर्पेडो लागला, आणि फाटलेल्या अंगाने तिने स्कॉटलंडचं स्कापा फ्लो गाठलं. शाहचं नशीब मात्र तिला आपल्याकडे, हिंदी महासागरात घेऊन आलं.

हिंदी महासागरातलं पाणबुड्यांचं युद्ध आपल्या वाचनातून जवळजवळ गळूनच गेलं आहे. आपल्याला आठवते ती १९४४ ची मुंबई गोदीतली स्फोटाची आग. पण त्याच काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यापुढे जहाजं बुडत होती. मलायातलं पेनांग जपान्यांच्या हाती होतं, आणि तिथे जर्मन पाणबुड्यांनाही आसरा मिळत होता. ‘मान्सून’ हेच त्या जर्मन तुकडीचं नाव होतं. २ ऑक्टोबर १९४३ ला मुंबईच्या पश्चिमेला ‘हायचिंग’ हे व्यापारी जहाज यू-१६८ ने बुडवलं. पुढे १२ फेब्रुवारी १९४४ ला मालदीवजवळ जे घडलं ते वाचताना आजही हात थांबतो. मोम्बासाहून कोलंबोला निघालेल्या काफिल्यात ‘खेदिव इस्माइल’ हे सैनिक वाहणारं जहाज होतं. त्यावर पूर्व आफ्रिकेचे तोफची होते, परिचारिकाही होत्या. जपानी पाणबुडीचे दोन टॉर्पेडो लागले आणि दोन-तीन मिनिटांत जहाज गेलं. १,२९७ माणसं मेली. पाण्यात हातपाय मारणाऱ्या माणसांच्या खालीच पाणबुडी दडली होती, आणि सोबतच्या विनाशिकांना त्या माणसांमध्येच डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बाँब, टाकावे लागले. त्या काफिल्याच्या डोक्यावर तेव्हा पाठराखीण नौकेचं एखादं विमान असतं, तर पाणबुडीला मान वर काढणं अवघड गेलं असतं. शाहसारख्या नौकांचं मोल कळायला हा एक दिवस पुरतो.

शाहवर ८५१ क्रमांकाची विमान तुकडी होती आणि विमानं होती ग्रुमन अ‍ॅव्हेंजर. तीन माणसांचं, एका इंजिनाचं, पोटात बाँब किंवा टॉर्पेडो घेणारं हे विमान भरल्यावर सात टनांहून जड होई. पक्षी फांदीवर बसल्यावर पंख अंगाशी मिटून घेतो, तसे त्याचे पंख मागे वळून मिटायचे. नाहीतर खालच्या दालनात ती मावलीच नसती. विषुववृत्ताजवळ हवा गरम, ओलसर आणि कित्येक दिवस वारा नाहीच. विमानाला उड्डाणासाठी समोरून वारा लागतो. निसर्ग देत नसेल तर नौकेने स्वतः धावून तो निर्माण करायचा. पण ताशी अठरा सागरी मैल धावणारी नौका धावून धावून वारा किती देणार? म्हणून धावपट्टीच्या टोकाशी बसवलेल्या कॅटापुल्टवर, म्हणजे विमानाला गोफणीसारखं भिरकावणाऱ्या यंत्रावर सगळी मदार. हे यंत्र रुसलं की भरलेलं अ‍ॅव्हेंजर उडणं संपलं.

उतरणं त्याहून अवघड. माझ्या टेबलावर अशाच एका नौकेचं जुनं छायाचित्र आहे. डेकच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर एक माणूस दोन्ही हात पसरून उभा आहे. हातांत टेबल टेनिसच्या बॅटींपेक्षा जरा मोठी दोन वर्तुळं. ब्रिटिश नौदलात त्याला ‘बॅट्समन’ म्हणत. उतरणाऱ्या वैमानिकाचे डोळे त्या दोन वर्तुळांवर खिळलेले. हात वर, हात खाली, डावीकडे कल, आणि मग दोन्ही हात आडवे कापल्यासारखे झाले की इंजिन बंद. विमान त्या क्षणी पडतं म्हणायचं, उतरतं नाही. शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एकीत अडकला तर धक्क्याने थांबायचं, नाही अडकला तर पुढच्या जाळीत जाऊन आदळायचं. छायाचित्रात त्या माणसाच्या पाठीमागे एक आडवी जाळी दिसते. ती त्याच्यासाठी. विमान अंगावर आलंच तर तिच्यात उडी टाकायची. हे सगळं हलत्या, डुलत्या डेकवर, मान्सूनच्या समुद्रात. पाणबुडी दिसली नाही तरी हे रोज करायचं, आणि बहुतेक दिवस ती दिसतच नसे.

ऑगस्ट १९४४ मध्ये मात्र ती दिसली. यू-१९८ ही लांब पल्ल्याची जर्मन पाणबुडी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापुढे शिकार करत होती. १५ जुलैला तिने ‘डिरेक्टर’ बुडवलं, ६ ऑगस्टला ‘एम्पायर सिटी’, दुसऱ्याच दिवशी ‘एम्पायर डे’. तिच्या शोधात शाह आणि बेगम या दोन पाठराखीण नौका, काही फ्रिगेट आणि स्लूप या काफिले राखणाऱ्या छोट्या युद्धनौका असा ताफा निघाला. १० ऑगस्टला शाहच्या अ‍ॅव्हेंजरला ती सापडली. विमानाने हल्ला केला, पाणबुडी खाली गेली. तिथून पुढचे दोन दिवस म्हणजे पाण्याखाली गुदमरणारी माणसं आणि पाण्यावर डोळे ताणणारी माणसं यांच्यातली झुंज. १२ ऑगस्टला सेशेल्स बेटांजवळ दोन युद्धनौकांनी तिला गाठलं आणि ‘हेजहॉग’ नावाच्या, पुढच्या बाजूला बाँबांचा झोत फेकणाऱ्या शस्त्राने तिचा शेवट केला. पाणबुडीवरच्या ६६ जणांपैकी एकही वाचला नाही.

त्या दोन नौकांपैकी एक होती ब्रिटिश फ्रिगेट ‘फिंडहॉर्न’. दुसरी रॉयल इंडियन नेव्हीची, म्हणजे ब्रिटिशकालीन भारतीय नौदलाची, स्लूप ‘गोदावरी’.

हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. त्र्यंबकला उगम पावणाऱ्या आपल्या नदीचं नाव सेशेल्सजवळच्या एका लढाईच्या नोंदीत, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. ही गोदावरी १९४३ ची, ब्रिटनमध्ये बांधलेली. माझगाव डॉकमध्ये बांधून १९८३ मध्ये भारतीय नौदलात आलेली ‘गोदावरी’ ती वेगळी. पहिल्या गोदावरीच्या आरमाराशी कोकणाचं नातंही जुनं. युद्धाआधीच्या रॉयल इंडियन नेव्हीत खलाशांचा मोठा भरणा रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांचा असे. लढाईनंतर तीन वर्षांनी फाळणी झाली आणि नौकांचीही वाटणी झाली. गोदावरी पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचं नाव ‘सिंध’ झालं. एका नदीचं नाव पुसून दुसरं नाव घातलं. आपल्या नौदलाच्या इतिहासात या स्लूपची लढाई ठळकपणे शिकवली जावी, असं माझं ठाम मत आहे. ती नौका पुढे कोणत्या झेंड्याखाली गेली यावरून तिच्या खलाशांचं श्रेय कमी होत नाही.

शाहची दुसरी मोठी मोहीम मे १९४५ ची. अंदमान-निकोबारमध्ये अडकलेल्या जपानी सैनिकांना परत आणण्यासाठी ‘हागुरो’ ही जड क्रूझर निघाली होती, सोबत ‘कामिकाझे’ ही विनाशिका. ब्रिटिश ताफ्यात शाह होती, पण नेमकं तिचं कॅटापुल्ट बिघडलेलं. वर सांगितलं त्याचा अर्थ इथे लागतो. गरम हवेत भरलेली अ‍ॅव्हेंजर तिच्या डेकवरून उडवता येईनात. मग तिची ८५१ तुकडी ‘एम्परर’ या भगिनी नौकेवर हलवली आणि तिथून विमानं उडाली. १५ मे ला त्यांनीच हागुरोला शोधलं आणि तिच्यावर बाँब टाकले. नुकसान फारसं झालं नाही, पण जागा कळली. त्या रात्री, १६ मे उजाडण्याआधी, पाच ब्रिटिश विनाशिकांनी मलाक्काच्या सामुद्रधुनीत पेनांगजवळ तिला घेरून टॉर्पेडोंनी बुडवलं. हागुरोवरचे नऊशेहून अधिक जपानी गेले. विनाशिकांच्या या लढाईवर बरंच लिहिलं गेलंय. दुसऱ्याच्या डेकवरून उडून, अंगावर तोफा सुटत असताना शत्रू नजरेच्या टप्प्यात धरून ठेवणाऱ्या वैमानिकांना मात्र त्या वर्णनांत दोन-तीन वाक्यंच मिळतात. मी त्यांना एक अख्खं प्रकरण दिलं आहे.

तीन महिन्यांनी युद्ध संपलं. भाड्याची वस्तू परत करायची असते. ६ डिसेंबर १९४५ ला शाह अमेरिकेच्या नॉरफोकला परत गेली. अमेरिकेला आता तिची गरज नव्हती. २० जून १९४७ ला न्यूपोर्ट न्यूजच्या जहाजबांधणी कंपनीला ती विकली गेली. तिच्या बरोबरीच्या बहुतेक नौकांप्रमाणे तिचीही धावपट्टी उतरवली गेली, आणि डेकखाली दडलेला तो मूळचा सांगाडा, मालवाहू जहाजाचा, पुन्हा उघडा झाला. शाहमध्ये मला सर्वांत जवळची वाटते ती हीच गोष्ट. टकोमाच्या गोदीत तो सांगाडा ज्या आकाराचा बेतला होता, तो आकार युद्धाने झाकला, मोडला नाही. अर्जेंटिनाच्या दोदेरो कंपनीने तिला प्रवासी जहाज केलं आणि तिथल्या एका प्रांताचं नाव दिलं: ‘साल्ता’. अशाच पाठराखीण नौका ‘ट्रॅकर’ची झाली ‘कोरियेंतेस’. साल्ता इटलीतून ब्यूनोस आयर्सला माणसं नेऊ लागली. युद्धाने पोळलेल्या युरोपातून नव्या देशात पोट भरायला निघालेली कुटुंबं, ट्रंका, गाठोडी, लहान मुलं. जिथे अ‍ॅव्हेंजर पंख मिटून उभी असत, तिथे आता माणसं झोपत होती.

हे आयुष्य असंच संपलं असतं तरी मला पुरेसं होतं. पण २२ डिसेंबर १९६३ च्या रात्री अकराच्या सुमाराला मदेइराच्या उत्तरेला ‘लाकोनिया’ या ग्रीक प्रवासी जहाजाला आग लागली. साउथॅम्प्टनहून नाताळच्या सहलीला निघालेले प्रवासी, त्यांत बरेचसे वयस्क इंग्रज, आणि खलाशी मिळून हजारावर माणसं. आग केशकर्तनालयापासून पसरली. काही बचावनौका जळाल्या, काही अडकल्या, काही अर्ध्या रिकाम्याच सुटल्या. माणसं दोऱ्यांवरून आणि शिड्यांवरून थेट समुद्रात उतरली. कोणी रात्रीच्या कपड्यांत, कोणी नाचाच्या पोशाखात. डिसेंबरच्या अटलांटिकच्या पाण्यात माणूस बुडतोच असं नाही, तो गारठून जातो, आणि आगीने मेले त्याहून अधिक जण पाण्यामुळे मेले.

जेनोवाहून ब्यूनोस आयर्सला चाललेली साल्ता कप्तान होसे बारेरे यांच्या हाताखाली वळली आणि पहाटे साडेतीनच्या सुमाराला तिथे सर्वांत आधी पोचली. अर्ध्या तासाने ‘माँटकॅम’ हे ब्रिटिश जहाज आलं. साल्ताने ४७५ माणसांना पाण्यातून आणि बचावनौकांमधून वर घेतलं. त्या दुर्घटनेत १२८ जण गेले. जे वाचले, त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या साल्तावर होते. नंतर ब्रिटिश नौदलाची ‘सेंटॉर’ ही मोठी विमानवाहू नौकाही मदतीला धावली. मृतदेह उचलण्याचं काम तिच्या वाट्याला आलं.

साल्ताच्या कठड्याला टेकून कांबळं पांघरलेल्या त्या प्रवाशांना आपण एका जुन्या विमानवाहू नौकेवर उभे आहोत हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी याच सांगाड्यावरून उडालेल्या विमानाने ६६ जणांच्या मृत्यूची वाट दाखवली होती, हेही नाही. या दोन गोष्टी मी एकमेकींसमोर तराजूत घालणार नाही. यू-१९८ चा शोध लावणं त्या वेळी योग्यच होतं. तिने जहाजं बुडवली होती आणि ती आणखी बुडवणार होती. पण एका नौकेचं चरित्र लिहायचं तर तिने बुडवलेलं तेवढं मोजून भागत नाही. तिच्यामुळे पोचलेले काफिले मोजावे लागतात, आणि त्यांच्या नोंदी कुणी विजय म्हणून ठेवलेल्या नसतात. तिने पाण्यातून वर काढलेली माणसं मोजावी लागतात. ती शाहची सेवा नव्हे, साल्ताची, असं म्हणून ती वेगळी काढणं मला मान्य नाही. सांगाडा एकच होता.

म्हणून पुढची प्रकरणं टकोमाच्या गोदीपासून ब्यूनोस आयर्सपर्यंत सलग लिहिली आहेत, मधे कुठेही ‘युद्धसेवा समाप्त’ अशी रेघ न ओढता. तांत्रिक भाग ज्यांना जड वाटेल त्यांनी कॅटापुल्टचं प्रकरण तेवढं जरूर वाचावं. त्यावाचून हागुरोची रात्र कळणार नाही. आणि ज्यांच्या घरात कुणी आजोबा-पणजोबा रॉयल इंडियन नेव्हीत होते, कोकणात, मुंबईत, कुठेही, त्यांनी जुन्या पेट्या उघडून बघाव्यात. एखादं डिस्चार्जचं प्रमाणपत्र, एखादा गणवेशातला फोटो, टोपीच्या पट्टीवरचं नौकेचं नाव. ते जपून ठेवा, त्याची नक्कल काढा, जवळच्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला द्या. पुस्तकांत जे सापडत नाही ते बहुधा अशा पेट्यांतच असतं.

साल्ता १९६६ मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये मोडीत काढली गेली. पाण्यात उतरल्याला तेव्हा तिला तेवीस वर्षं झाली होती.